पहिली प्रत्यक्ष पोकर स्पर्धा : नोंदणीपासून बाहेर पडेपर्यंत

घरी मित्रांबरोबर किंवा मोबाइलवर पोकर खेळणारा माणूस पहिल्यांदा खऱ्या स्पर्धेच्या टेबलाशी येऊन बसतो, तेव्हा त्याची पहिली पंचाईत स्वतःच्या हातांची होते. पत्ते किती उचलायचे, चिप्स कुठवर सरकवायच्या, पाळी आपल्यावर आली हे कशावरून ओळखायचे आणि तोंडाने नेमके काय म्हणायचे, हे मोबाइलवर कधी शिकावेच लागत नाही. तिथे पाळी आली की बटने उजळतात आणि नियमाबाहेरची चाल खेळताच येत नाही. माझ्या पहिल्या स्पर्धेआधी मी पंधरा दिवस खर्चून कोणत्या जागेवरून कोणते पत्ते खेळावेत याचे तक्ते पाठ केले होते, आणि पहिला मोठा फटका बसला तो एकच चिप मुकाट्याने पुढे ठेवल्यामुळे. ती हकीकत पुढे येईल. हा लेख नो-लिमिट होल्डेमच्या स्पर्धेविषयी आहे. कोणता हात कोणाला हरवतो, आणि फ्लॉप, टर्न व रिव्हर म्हणजे काय, एवढे वाचकाला माहीत आहे असे धरून पुढचे लिहिले आहे.

स्पर्धा निवडताना

सर्वांत आधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे आपण जिथे खेळणार आहोत तिथल्या कायद्याप्रमाणे अशी स्पर्धा चालते का आणि वयाची अट काय आहे. दुसरी म्हणजे प्रवेशशुल्काची रक्कम पूर्ण बुडाली तरी आपल्या महिन्याच्या खर्चाला धक्का लागणार नाही ना. स्पर्धेत बहुतेक खेळाडू रिकाम्या हाताने परत जातात, कारण बक्षिसे साधारणपणे दर शंभरातल्या दहा ते पंधरा जणांनाच मिळतात. चांगला खेळाडूही लागोपाठ अनेक स्पर्धांत काहीच न मिळवता बाहेर पडतो. शुल्काचे दोन भाग असतात, एक बक्षिसांच्या रकमेत जातो आणि दुसरा आयोजकांकडे राहतो. छोट्या स्पर्धांत हा दुसरा भाग प्रमाणाने मोठा असतो, तेव्हा तो किती आहे हे आधीच वाचून घ्यावे.

मोठ्या स्पर्धेचे शुल्क परवडत नसेल तर सॅटेलाइटचा मार्ग असतो. म्हणजे कमी शुल्काची छोटी स्पर्धा जिंकून मोठ्या स्पर्धेतली जागा मिळवायची. १९७० साली लास व्हेगासला सुरू झालेल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या २००३च्या मुख्य स्पर्धेत ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीतला एक हिशेबनीस असाच शिरला होता. शंभर डॉलरपेक्षाही कमी शुल्काच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून त्याने दहा हजार डॉलरची जागा मिळवली, आणि ८३९ खेळाडूंच्या स्पर्धेत २५ लाख डॉलरचे पहिले बक्षीस नेले. हौशी खेळाडूंची लाट त्यानंतरच उसळली. मात्र ही गोष्ट ऐकून शुल्क भरणाऱ्यांची संख्या आणि ती प्रत्यक्षात घडणाऱ्यांची संख्या यांत किती अंतर आहे, हेही लक्षात असू द्यावे.

आता स्पर्धेचा आराखडा. सुरुवातीला किती चिप्स मिळणार, ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधीच दोन खेळाडूंनी आळीपाळीने भरायच्या सक्तीच्या रकमा, एक लहान आणि एक मोठी) कितीपासून सुरू होणार आणि प्रत्येक लेव्हल (ब्लाइंड न बदलणारा टप्पा) किती मिनिटांची, हे तीन आकडे आराखड्याच्या कागदावर छापलेले असतात. नवखा माणूस चिप्सच्या मोठ्या आकड्याला भुलतो. खरे महत्त्व मिनिटांना आहे. नऊ जणांच्या टेबलावर माणूस पत्ते पिसून वाटत असेल तर तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात. म्हणजे वीस मिनिटांच्या लेव्हलमध्ये आठ-दहा डाव, फार तर टेबलाची एक फेरी. पंधरा मिनिटांच्या लेव्हलमध्ये तर पुरी फेरीही होत नाही आणि ब्लाइंड वाढतात. मोबाइलवर त्याच वेळात याच्या दुप्पट-तिप्पट डाव खेळायची सवय असलेल्याला हा हिशेब आधी खराच वाटत नाही. पहिल्या अनुभवासाठी तीस मिनिटांची किंवा त्याहून लांब लेव्हल असलेली आणि सुरुवातीला किमान शंभर मोठे ब्लाइंड देणारी स्पर्धा निवडावी. शिकायचे ते बसण्यातून शिकायचे असते, आणि झटपट स्पर्धेत बसायलाच मिळत नाही.

बाद झाल्यावर पुन्हा शुल्क भरून प्रवेश घेता येतो का, हेही कागदावर असते. घेता येत असेल तर आपण तो घेणार की नाही हे घरून निघतानाच ठरवावे. बाद झाल्यानंतरच्या पाच मिनिटांत घेतलेला निर्णय सहसा रागाने घेतलेला असतो.

नोंदणी आणि जागा

ओळखपत्र सोबत ठेवावे आणि वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे. शुल्क भरल्यावर चिठ्ठी मिळते, तिच्यावर टेबलाचा आणि आसनाचा क्रमांक असतो. डीलरच्या लगेच डावीकडचे आसन पहिले आणि तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजत जायचे. बसल्यावर चिप्स मोजून घ्याव्यात, आणि प्रत्येक रंगाची किंमत एकदा मनात म्हणून ठेवावी. या चिप्सवरचे आकडे म्हणजे पैसे नव्हेत. वीस हजारांचा ढीग समोर असला तरी तो स्पर्धेबाहेर कुठेच वटत नाही. तरीही त्याच्याकडे पाहून पहिल्या तासात अनेकांचा हात सैल सुटतो.

उशिरा नोंदणी काही लेव्हलपर्यंत चालू असते आणि अनुभवी खेळाडू मुद्दाम उशिरा येतातही, पण नवख्याने पहिल्या डावापासून बसावे. ब्लाइंड लहान असताना केलेल्या चुका स्वस्त पडतात.

टेबलावर हात आणि तोंड

पत्ते आल्यावर ते टेबलावरून उचलू नयेत. दोन्ही तळहातांची आडोशासारखी भिंत करून अंगठ्याने पत्त्यांचे कोपरे जेमतेम वाकवावेत, पाहावे आणि पत्ते पुन्हा सपाट ठेवून त्यांच्यावर एक चिप ठेवावी. ही चिप शोभेची नसते. डीलर टाकलेले पत्ते ओढून घेत असतो, आणि डीलरजवळच्या आसनांवरचे, चिप न ठेवलेले पत्ते नजरचुकीने त्या ढिगात जातात. एकदा गेले की ते सहसा परत मिळत नाहीत, मग ते एक्क्यांची जोडी का असेनात.

पत्ते केव्हा पाहायचे यावर दोन मते आहेत. आपली पाळी येईपर्यंत पाहू नयेत आणि तोवर इतरांकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते. टाकाऊ पत्ते आधीच पाहिले की हात आपोआप ते टाकायच्या तयारीत पुढे सरकतो, आणि आपल्याआधी खेळणाऱ्या, उजवीकडे बसलेल्या हुशार माणसाला तेवढे पुरते.

आता बोलणे. पाळी आल्यावर तोंडाने स्पष्ट उच्चारलेला शब्द बांधील असतो. ‘रेझ’ (रक्कम वाढवतो) म्हटले की रेझ करावाच लागतो, ‘कॉल’ (आधीच्याइतकीच देतो) म्हटले की तेवढ्या चिप्स द्याव्याच लागतात. हा नियम भीतिदायक वाटतो, पण नवख्याचा सर्वांत मोठा आधार तोच आहे. आधी बोलावे, आकडा सांगावा आणि मग चिप्सना हात लावावा. ‘रेझ, बाराशे’ एवढे म्हटले की पुढे हात थरथरला, चिप्स सांडल्या किंवा दोन खेपांत सरकवल्या तरी चाल बाराशेचीच राहते. न बोलता चिप्स दोन खेपांत पुढे केल्या तर दुसरी खेप ग्राह्य धरली जात नाही. याला स्ट्रिंग बेट म्हणतात. समोरच्याचा चेहरा पाहून आकडा वाढवता येऊ नये, हा त्यामागचा हेतू.

माझी चूक याच्या शेजारचीच होती. ब्लाइंड दोनशे-चारशे होते, माझ्या हातात राण्यांची जोडी होती आणि माझ्या आधीच्या सर्वांनी पत्ते टाकले होते. हजारापर्यंत रेझ करावा म्हणून मी हजाराची एक चिप उचलली आणि ऐटीत, एक अक्षर न बोलता, पुढे ठेवली. डीलरने शांतपणे ‘कॉल’ म्हटले, माझी चिप ओढून सहाशे परत केले आणि पुढच्या खेळाडूकडे पाहिले. समोरच्या रकमेपेक्षा मोठी अशी एकच चिप न बोलता ठेवली तर तो कॉल धरायचा, हा सर्वत्र चालणारा नियम आहे आणि मी तो वाचलेलाही होता. मोठ्या ब्लाइंडवरच्या गृहस्थांनी फुकटात फ्लॉप पाहिला. फ्लॉपवर नऊ, चार आणि दोन आले. मी हजार लावले, त्यांनी तीन हजार केले, मी कॉल केला. टर्नवर त्यांच्या चार हजारांनाही मी कॉल केला. रिव्हरवर त्यांनी उरलेले सगळे लावले तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी राण्या टाकल्या. त्यांनी मोठ्या मनाने नऊ आणि चार उघडून दाखवले. हजाराच्या रेझला ते पत्ते त्यांनी बहुधा पाहताक्षणी टाकले असते. वीस हजारांतले सात हजारांहून अधिक गेले, आणि त्यात पत्त्यांचा दोष काहीच नव्हता.

रेझचा किमान आकडाही डोक्यात पक्का हवा. आधीच्या खेळाडूने जितकी वाढ केली, निदान तितकीच वाढ आपल्याला करावी लागते. ब्लाइंड शंभर-दोनशे असताना कोणी पाचशेपर्यंत रेझ केला तर वाढ तीनशेची झाली, म्हणून पुढचा किमान रेझ आठशेचा. एकाहून अधिक चिप्स न बोलता पुढे केल्या आणि त्यांनी किमान वाढीचा अर्धा भाग तरी गाठला, तर बहुतेक ठिकाणी किमान रेझ पूर्ण करायला लावतात. त्याहून कमी असतील तर कॉल धरतात. हे सगळे पाठ करण्यापेक्षा बोलून मोकळे होणे सोपे.

टेबलावर बोटांनी टकटक करणे म्हणजे चेक, काही न लावता पाळी पुढे देणे. विचार करताना बोटे वाजवण्याची सवय असलेल्यांनी हात मांडीवर ठेवावेत, कारण विचार चालू असतानाच चेक झाल्याचे अनेकांना नंतर कळते. पाळी नसताना बोलू नये, मान डोलावून किंवा हातवारे करून चाल सांगू नये. चिप्स पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, फेकू नयेत, त्या आपल्यासमोर नीट ठेवाव्यात म्हणजे डीलरला मोजता येतात. मोठ्या किमतीच्या चिप्स ढिगाच्या पुढच्या बाजूला, सर्वांना दिसतील अशा ठेवायच्या असतात, कारण आपल्याकडे किती आहे याचा अंदाज घेण्याचा हक्क प्रतिस्पर्ध्याला आहे. चिप्स खिशात घालणे ही तर थेट बाद होण्यासारखी गोष्ट आहे.

डाव चालू असताना त्याविषयी बोलू नये, मग आपण त्या डावात असू वा नसू. आपण राजा टाकलेला असतो, फ्लॉपवर दोन राजे येतात आणि नकळत तोंडातून हुंकार निघतो. तेवढ्याने डावात असलेल्या कोणाचे तरी नुकसान झालेले असते. एका हाताचा निर्णय एकाच खेळाडूने घ्यायचा, मित्राला विचारायचे नाही, हाही नियम याच कुळातला. स्पर्धांचे संचालन करणाऱ्यांनी २००१मध्ये टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन ही संघटना स्थापन केली, आणि तिची नियमावली आज जगातल्या असंख्य स्पर्धांत थोड्याफार फरकाने वापरली जाते. ती एकदा वाचून जावे. तरीही टेबलावर वाद झाला तर डीलरशी हुज्जत न घालता ‘फ्लोअर’ला बोलवा असे सांगावे. येणारा अधिकारी दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतो आणि तो मान्य करून खेळ पुढे चालू ठेवावा लागतो.

शोडाउनच्या, म्हणजे शेवटी पत्ते उघडण्याच्या, वेळी दोन्ही पत्ते उताणे करून टेबलावर ठेवावेत आणि पॉट आपल्याकडे सरकेपर्यंत त्यांना हात लावू देऊ नये. पत्ते उघडे असले की डीलर हात वाचतो, आपण तोंडाने काय जाहीर केले याला अर्थ उरत नाही. फ्लश हुकला म्हणून वैतागून पत्ते फेकणारा आणि आपल्याला सरळ, म्हणजे स्ट्रेट, लागली होती हे शेजाऱ्याकडून ऐकणारा खेळाडू मी एकदा नव्हे, दोनदा पाहिला आहे.

सुरुवातीचे तास

या टप्प्यात बहुतेक टेबलांवर चार-पाच जण प्रत्येक फ्लॉप पाहायला उत्सुक असतात. त्यांच्याबरोबर वाहत जाऊ नये. कोणतीही जोडी हातात येण्याची शक्यता सतरा डावांत एकदा आहे, आणि एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा. तासाला २७ डाव धरले तर एक्क्यांची जोडी सरासरी आठ तासांनी एकदा दिसते. दीड तास काहीच खेळण्यासारखे न येणे हे दुर्दैव नाही, तो या खेळाचा नेहमीचा वेग आहे. कंटाळ्यापोटी खेळलेला गुलाम-सात हा नवख्यांच्या बाद होण्याचा मोठा मार्ग आहे.

लहान जोड्यांचा मोह मात्र समजून घेण्यासारखा आहे. हातात पाचांची जोडी असेल तर फ्लॉपवर तिसरा पाच येण्याची शक्यता साधारण साडेआठात एक असते. म्हणून स्वस्तात फ्लॉप पाहायला मिळत असेल आणि दोघांकडेही भरपूर चिप्स असतील, तरच तो खेळ परवडतो. वीस मोठे ब्लाइंड उरलेल्या माणसाने त्यातले तीन-तीन ब्लाइंड तिसऱ्या पाचाच्या आशेवर खर्चणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणे आहे.

कॉल परवडतो की नाही याचा एक हिशेब तरी डोक्यात करता यायला हवा. पॉटमध्ये तीन हजार आहेत आणि समोरच्याने दीड हजार लावले, तर आपण दीड हजार देऊन साडेचार हजारांसाठी खेळतो. सहा हजारांच्या अंतिम पॉटमध्ये आपले दीड हजार, म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून जिंकण्याची शक्यता २५ टक्क्यांहून अधिक हवी. फ्लॉपवर फ्लशसाठी एक पत्ता कमी असेल, तर टर्न आणि रिव्हर मिळून तो येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते, पण फक्त पुढच्या एका पत्त्यावर ती १९ टक्क्यांच्या आसपासच आहे. समोरचा टर्नवर पुन्हा लावणार असेल तर ३५चा आकडा धरून केलेला हिशेब चुकतो. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे हौशी खेळाडूंच्या कितीतरी चिप्स जातात.

चेहरे वाचण्याचा फार ध्यास घेऊ नये. गडद चष्मे आणि दगडी चेहरे यांविषयी जितके बोलले जाते तितके हाती लागत नाही. त्यापेक्षा कोण पाळी येण्याआधीच पत्ते टाकायच्या बेतात असतो, कोण कोणत्या जागेवरून रेझ करतो आणि शोडाउनला कोणाचे कोणते पत्ते दिसले, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ. विश्रांती दर दोन-अडीच तासांनी मिळते. तिच्यात पाय मोकळे करावेत आणि लेव्हल सुरू होण्याआधी परत यावे. सुरुवातीच्या वाटपातला शेवटचा पत्ता पडेपर्यंत आपण आसनाशी नसलो तर तो डाव आपल्यापुरता मेलेला असतो.

ब्लाइंड वाढू लागले की

इथून पुढे चिप्सचा आकडा विसरावा आणि आपल्याकडे किती मोठे ब्लाइंड आहेत तेवढेच मोजावे. तीस हजार चिप्स म्हणजे ब्लाइंड दोनशे असताना दीडशे ब्लाइंड, आणि तीन हजार असताना फक्त दहा. आजच्या बहुतेक स्पर्धांत अँटी (ब्लाइंडखेरीज प्रत्येक डावाआधी पॉटमध्ये पडणारी सक्तीची रक्कम) सर्वांकडून वेगवेगळी न घेता मोठ्या ब्लाइंडवरचा खेळाडू सर्वांची मिळून एकदम भरतो, आणि ती साधारण एका मोठ्या ब्लाइंडइतकी असते. म्हणजे टेबलाच्या एका फेरीत मोठा ब्लाइंड, त्याच्या निम्मा लहान ब्लाइंड आणि अँटी मिळून अडीच ब्लाइंड काही न खेळताच जातात. दहा ब्लाइंड उरले असतील तर चार फेऱ्यांत ढीग संपतो, आणि मधे लेव्हल बदलली तर त्याआधीच.

म्हणून दहा-बारा ब्लाइंडांच्या खाली गेल्यावर लहान रेझ करून फ्लॉप पाहणे सोडून द्यावे. एक तर सगळे लावावे, नाही तर पत्ते टाकावेत. त्यातही दुसऱ्याच्या रेझला सगळे देऊन कॉल करण्यापेक्षा आपण स्वतः पहिल्यांदा सगळे लावणे पुष्कळ बरे. पहिल्या प्रकारात जिंकायला चांगलेच पत्ते लागतात, दुसऱ्यात समोरचे पत्ते टाकतील ही जास्तीची वाट मोकळी असते. बटनवरून, म्हणजे लहान ब्लाइंडच्या लगेच उजवीकडच्या जागेवरून, मागे दोनच खेळाडू उरले असताना, एक्का आणि कोणताही मध्यम पत्ता घेऊन दहा ब्लाइंड लावणे हे धाडस नाही, साधा व्यवहार आहे. सर्वांत आधी खेळावे लागते त्या जागेवरून, मोठ्या ब्लाइंडच्या लगेच डावीकडून, तेच पत्ते टाकावेत.

याच काळात टेबले मोडत जातात. आपले नाव पुकारले की सर्व चिप्स दिसतील अशा रीतीने नव्या जागी न्याव्यात. तिथे गेल्या गेल्या मोठा ब्लाइंड भरावा लागला तर त्यात कोणाचे कारस्थान नसते. लहान किमतीच्या चिप्स बाद करून मोठ्या देण्याचा कार्यक्रमही अधूनमधून होतो, तो डीलरवर सोपवून द्यावा.

बक्षिसाच्या उंबरठ्यावर

बक्षिसापासून एक-दोन जागा दूर असण्याच्या अवस्थेला बबल म्हणतात. तेव्हा सर्व टेबलांवर एक-एक डाव एकाच वेळी खेळवला जातो. ज्याचा डाव आधी संपतो त्याने इतर टेबलांची वाट पाहायची, म्हणजे मुद्दाम वेळ काढून दुसऱ्याला आधी बाद होऊ देण्याची युक्ती चालत नाही. सर्वांत खालचे बक्षीस बहुधा शुल्काच्या दीड-दोन पटीचे असते.

नवख्याला इथे न पटणारी गोष्ट अशी, की चिप्स दुप्पट झाल्या म्हणून त्यांची पैशातली किंमत दुप्पट होत नाही. एक सोपे उदाहरण घेऊ. तीन खेळाडू उरले आहेत, तिघांकडे सारख्या चिप्स आहेत आणि बक्षिसे ५०, ३० व २० अशी आहेत. प्रत्येकाचा हिस्सा ३३.३ झाला. आता पहिल्याने दुसऱ्याला बाद केले. दुसऱ्याला २० मिळाले. पहिल्याकडे आता दोन-तृतीयांश चिप्स आहेत, म्हणून त्याचा हिस्सा पन्नासाचे दोन-तृतीयांश आणि तिसाचे एक-तृतीयांश मिळून ४३.३ होतो. चिप्स दुप्पट झाल्या, पण हिस्सा दहानेच वाढला. हरला असता तर ३३.३ वरून २० वर, म्हणजे तेराहून अधिक खाली आला असता. यावरून त्या डावात सगळे लावून कॉल करायला ५० नव्हे, सुमारे ५७ टक्के शक्यता हवी असे निघते. आणि हातच न लावलेला तिसरा खेळाडू बसल्या बसल्या ३३.३ वरून ३६.७ वर गेला.

व्यवहारात याचा अर्थ असा, की बबलवर कॉल करताना एरवीपेक्षा कडक राहावे, आणि आपल्याकडे मोठा ढीग असेल तर मधल्या ढिगांवर दाब टाकावा, कारण बाद होण्याचे भय त्यांनाच अधिक असते. बारीक ढिगाने मात्र नुसते बसून राहू नये. दोन ब्लाइंड घेऊन बक्षिसात शिरलेला माणूस तिथून सहसा पुढे जात नाही.

बाद झाल्यावर, किंवा बक्षीस मिळाल्यावर

मी त्या दिवशी बक्षिसाच्या बऱ्याच आधी बाद झालो. हातात पुन्हा राण्याच होत्या, समोर एक्का-राजा, चिप्स सगळ्या मध्ये, आणि रिव्हरवर किलवरचा एक्का. राण्यांची बाजू अशा लढतीत साधारण ५५-५७ टक्क्यांची असते, म्हणजे दर पाचांत दोनदा तरी हेच होणार. या वेळी मी ‘ऑल-इन’ हा शब्द अगदी खणखणीत उच्चारला होता, एवढे समाधान होते. चिप्स मोजून होईपर्यंत जागेवर थांबावे. समोरच्याकडे आपल्यापेक्षा कमी चिप्स निघाल्या तर काही परत मिळतात, आणि रागाने उठून गेलेल्यांचे दोन-चार ब्लाइंड मागे राहतात, डीलर हाका मारत राहतो.

बक्षीस मिळाले असेल तर अधिकारी चिठ्ठी देतो, ओळखपत्र पाहतो आणि रक्कम देतो. करकपातीचे नियम जागेनुसार वेगळे असल्याने दिलेला कागद जपून ठेवावा. शेवटच्या टेबलावर उरलेले खेळाडू कधी कधी बक्षिसे आपापसांत वाटून घेण्याचा प्रस्ताव मांडतात. आकडे कागदावर लिहून मागावेत, ते संचालकांसमोरच ठरवावेत, आणि समजले नाही तर सरळ नकार द्यावा. असा नकार देण्यात काहीही असभ्य नाही.

त्याच रात्री झोपण्याआधी आठवतील तेवढे मोठे डाव लिहून काढावेत. नुसते ‘राण्या हरल्या’ असे टिपून उपयोग नाही. ब्लाइंड किती होते, आपल्याकडे व समोरच्याकडे किती ब्लाइंड होते, कोण कोणत्या जागेवर होते, फ्लॉपच्या आधी काय झाले आणि प्रत्येक पत्त्यावर कोणी किती लावले, एवढे लिहिलेले असले तरच जाणत्या खेळाडूला त्या डावाविषयी काही सांगता येते. विश्रांतीच्या वेळी फोनमध्ये दोन ओळी टिपून ठेवल्या तर हे काम सोपे जाते. डाव चालू असताना मात्र फोन खिशातच ठेवावा.